बुटक्या स्पोर्ट्स कारला जॅक नेमका कुठे लावायचा? (माझदा मिआटा)

रानवारा

नमस्कार मंडळी,
या विभागात सहसा 'दहा लाखांत कुठली घेऊ' हेच चालू असतं, त्यामुळे प्रश्न जरा आडवाटेचा वाटेल. मी न्यू जर्सीत असते. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी माझदा एमएक्स-५ मिआटा घेतली. २००१ची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली, इकडे एनबी म्हणतात ती. दोन सीटा, कापडी टप, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. इतकी बुटकी की सिग्नलला शेजारच्या ट्रकच्या चाकाचे नट डोळ्यांसमोर येतात.

ऑईल घरीच बदलावं म्हणून टॉर्च घेऊन खाली डोकावले. फरशीखाली पुढून मागे जाणाऱ्या दोन पत्र्याच्या पट्ट्या आहेत, त्या दोन्ही चेपलेल्या. डावीकडची तर मधोमध बोटभर आत गेलीय आणि तिथे गोल ठसा उमटलाय, जॅकच्या डोक्याचाच असणार. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाला, मी स्वतः कधी उचललीच नाही, टायरवाल्याकडे जायची.

तर प्रश्न :
जॅक कुठे लावायचा की चेसिस आणखी बिघडणार नाही?
माझा ट्रॉली जॅक (छोट्या चाकांवर सरकणारा हायड्रॉलिक जॅक) पुढून आत जातच नाही, बंपरच्या ओठाला अडतो. त्याला काय करायचं?
आणि ज्या जागी जॅक लावला त्याच जागी स्टँड (उचललेली गाडी पेलून धरणारा लोखंडी टेकू) लावायचा असेल तर तो लावायचा कसा? हे कोडं मला खरंच सुटलेलं नाही.

घरासमोरचा रस्ता डांबरी आहे, किंचित उताराचा.

---

स्वप्नाळू

दोन सीटांची टपउघडी गाडी! फोटो टाका हो आधी. जॅकचं नंतर बघू.

---

तिरका पाना

अभिनंदन, चांगली गाडी घेतलीत. जरा सविस्तर लिहितो, कारण या गाडीच्या बाबतीत तुम्ही म्हणताय ती जखम जवळपास ठरलेली असते.

त्या दोन पट्ट्या दिसतात चेसिससारख्या, पण मिआटाला ट्रकसारखी वेगळी चेसिस नाही. सगळं बॉडीशेल एकसंध पत्र्याचं. त्या पट्ट्या म्हणजे पातळ पत्रा यू आकारात वाकवून फरशीला स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या, पावसाच्या पन्हळीसारख्या पोकळ. गाडी लांबीत वाकू नये, फरशी लवचिक राहू नये एवढ्यासाठी त्या आहेत. खालून एका बिंदूवर गाडीचा तिसरा हिस्सा भार टेकवला की पन्हळ चेपते. ज्याला गाडी माहीत नाही तो वाकून बघतो, त्याला ती पट्टी मजबूत वाटते आणि तो तिथेच जॅक लावतो. टायरच्या दुकानात हेच होतं.

आता खऱ्या जागा.

दाराखालच्या उंबऱ्याच्या तळाला पत्र्यांची उभी कड असते, पिंच वेल्ड. पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे त्या कडेवर दोन-दोन खाचा दिसतील. बोट फिरवून बघा, मातीने भरलेल्या असल्या तरी लागतात. दोन खाचांच्या मधली कड मजबूत केलेली आहे. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक तिथेच बसतो, त्याच्या डोक्याला कडेसाठी चीर असते ती त्यासाठीच. ट्रॉली जॅकची सपाट लोखंडी बशी मात्र तिथे थेट लावू नका, कड एका बाजूला मुडपते. मधे चीर असलेला रबरी ठोकळा मिळतो, तो बशीवर ठेवायचा. कड चिरेत जाते आणि भार कडेच्या दोन्ही बाजूंच्या सपाट भागावर पडतो. आइस हॉकीची पक मधोमध कापून पण लोक वापरतात, चालते.

ट्रॉली जॅकसाठी मधल्या दोन जागा आहेत. पुढे क्रॉसमेंबरचा मध्य, म्हणजे इंजिनाखालचा आडवा पोलादी भाग ज्याला सस्पेन्शनचे हात बसवलेत. मागे डिफरन्शिअलचं हौजिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. दोन्ही कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागा आहेत. आणि तुमचं कोडं इथेच सुटतं : जॅक मध्यावर, स्टँड दोन्ही बाजूंच्या पिंच वेल्डच्या खुणांवर. एकमेकांच्या वाटेत येतच नाहीत.

कुठे लावायचा नाही ते पण सांगतो. ऑईल पॅन. गिअरबॉक्सचं पोट. आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शिअलपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची लांब जाळीदार तुळई, जी मधोमध आहे म्हणून हात आपोआप तिकडे जातो. ती इंजिन-गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एका रेषेत धरते, गाडी पेलायला नाही बनवलेली.

---

ऑईलवाला आप्पा

पाना साहेबांनी जागा बरोबर सांगितल्या. मी सांगलीकडचा, गॅरेज माझं. आमच्याकडे मिआटा येत नाही, पण पत्रा सगळीकडं पत्राच.

ताई, तुमचा रस्ता उताराचा म्हणताय तिथं मला भीती वाटते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, बरोबर? म्हणजे हँडब्रेक पण मागच्या चाकांना आणि गिअरचा अडसर पण मागच्याच चाकांना. मागची बाजू उचलली की दोन्ही गेलं. गाडी पुढच्या दोन चाकांवर मोकळी उभी. तेव्हा मागची बाजू उचलायच्या आधी पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी पाचर मारा, पुढून आणि मागून. लाकडाची चांगली पाचर. वीट नको, वीट फुटते.

पुढची बाजू उचलताना तेवढा प्रश्न नाही. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरात टाका, मागच्या चाकांना पाचर मारा. तरीपण सपाट जागा शोधा. शेजाऱ्याचं गॅरेज मागा, एक डबा लाडू द्या.

आणि ट्रॉली जॅक सरळ वर जात नाही हे ध्यानात ठेवा. त्याचा हात गोलाईत वर जातो, म्हणून बशी जरा मागं सरकते. जॅकची चाकं फिरली तर जॅक स्वतः पुढं येतो आणि बशी जागेवर राहते. डांबरात बारीक खडी असली, चाक खडीत अडकलं, की जॅक हलत नाही आणि बशी गाडीखालून निसटायला बघते. माझ्या पोरांना पहिली शिकवण हीच, आधी झाडू मारा.

---

कर्वेनगरी

डिफरन्शिअलवर जॅक? ते रबरी बुशांवर लटकलेलं असतं ना? त्यावर मागचा सगळा भार द्यायचा हे मला पटत नाही. वर ते ॲल्युमिनियमचं.

---

तिरका पाना

शंका रास्त आहे, सगळ्याच गाड्यांत हे करू नये. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये डिफरन्शिअलला जॅक लावू नका असं स्पष्ट छापलेलं असतं. या गाडीत उलट आहे, कंपनीनेच ती जागा दाखवली आहे. बुश दाबले जातात हे खरं, पण खड्ड्यातून जाताना आणि क्लच झटक्याने सोडताना ते बुश काय सोसतात तेही धरा. शिवाय भार काही मिनिटंच असतो, स्टँड लागले की जॅक सैल.

दोन गोष्टी पाळा. बशीवर जाड रबर किंवा लाकडाचा तुकडा ठेवा, कारण हौजिंगचा खालचा भाग सपाट नाही. आणि बशी मध्यावर घ्या, मागच्या कव्हरच्या कडेवर नको. मफलर मागे आडवा येतो, त्याच्या खालून जॅक सरकवावा लागतो. डोकं खाली घालून एकदा नीट बघितल्याशिवाय दांडा मारायला सुरुवात करू नका.

तरीही मन धजत नसेल तर मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे सस्पेन्शन पेलणाऱ्या पोलादी सांगाड्यावर, एकेका बाजूने उचला. वेळ जास्त जातो इतकंच.

---

मिडलँडकर

विषय निघालाच आहे तर. माझ्याकडे लोटस एलिझ आहे, इंग्लंडात. १९९६ला आली तेव्हा तिची चेसिस हाच चर्चेचा विषय होता : ॲल्युमिनियमचे एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले लांब तुकडे) इपॉक्सीने चिकटवलेले, वेल्डिंग जवळपास नाहीच, आणि वजन ६८ किलोच्या आसपास. अशा चेसिसला 'चेपलं तर ठोकून काढू' ही सोय नसते. म्हणून हँडबुकातल्या जागा सोडून दुसरीकडे जॅक लावायचा नाही हा नियम आम्ही काटेकोर पाळतो. खालचं पॅनल सपाट आणि पातळ, त्यावर लावला तर ते गेलंच.

एक मिआटालाही लागू पडेल : टप नसलेल्या गाडीचं शेल बंद गाडीपेक्षा जास्त पिळतं. एक कोपरा उचललेला असताना दार उघडू नका. उघडलं तर कधी कधी नीट बंद होत नाही, कारण दाराची चौकट किंचित तिरपी झालेली असते. लागणाऱ्या वस्तू आधीच बाहेर काढून ठेवा.

---

रानवारा

आप्पा, लाडवांची कल्पना आवडली. शेजाऱ्याचं गॅरेज काँक्रीटचं आहे, विचारते.

पाना, तुम्ही सांगितलेल्या खाचा सापडल्या. पण उजवीकडे मागच्या चाकाच्या पुढे, नेमकी तीच जागा, रंग फुगलाय. बोटाने दाबलं तर करकर आवाज येतो. तिथे जॅक लावू?

---

तिरका पाना

नाही! अजिबात नाही.

या गाडीचा तो दुसरा ठरलेला आजार. कापडी टपावरचं पाणी सीटांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जातं. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी उंबऱ्याच्या पोकळीत साठतं आणि आतून गंज सुरू होतो. बाहेर दिसेपर्यंत आतली मजबुतीची पट्टी गेलेली असते. त्यात तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ.

लोहचुंबक घेऊन त्या भागावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पेचकसाच्या मुठीने हलके ठोका, चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला बद्द वाजतो. त्या कोपऱ्यात तूर्त जॅकही नको आणि स्टँडही नको. स्टँड सबफ्रेमवर घ्या, पत्रेवाल्याकडे तो भाग कापून नवीन जोडून घेईपर्यंत. आणि आजच्या आज त्या नळ्या मोकळ्या करा, मऊ प्लास्टिकची दोरी घालून. तार नको, नळी फाटते.

---

शिकागोतला सातारकर

कॉर्व्हेटवाले कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी. माझी सी५, म्हणजे पाचव्या पिढीतली आहे. १९९७ला हे मॉडेल आलं तेव्हा हवा गेली तरी चालणारे टायर दिले आणि स्टेपनी, जॅक दोन्ही काढून टाकले. म्हणजे मालकाने जॅक लावावा ही अपेक्षाच नाही. पुढे लोकांनी लावलाच, आणि बहुतेकांनी दाराखालचा उंबरा फोडला. कारण तो पत्रा नाही, वरचं सगळं अंग फायबरच्या जातीचं आहे. फरशीसुद्धा कॉम्पोझिटची, मधे चक्क बाल्सा लाकूड.

खरं हाड आत आहे, दोन्ही बाजूंना लांब पोलादी रेल. ते मिआटाच्या पन्हळीपेक्षा पूर्ण वेगळं प्रकरण, खरोखर भार घेतात. त्यात लांबट भोकं असतात. त्या भोकात बसणारे चार गोल ठोकळे विकत मिळतात. आत घालून फिरवले की अडकतात आणि उंबऱ्यापेक्षा खाली उतरतात, म्हणजे जॅक रेलवरच टेकतो, प्लास्टिकला शिवत नाही. सर्व्हिसिंगला गाडी देताना मी ते ठोकळे बसवूनच देतो, समोरच्याला विचार करायची वेळच येऊ नये.

आणि आडवी कॉम्पोझिट पाट्याची स्प्रिंग असते खाली, ती आयती मधोमध दिसते. तिला जॅक लावायचा मोह आवरा.

---

भ्रमर

पोर्शे ९११वाल्यांचं दुखणं वेगळंच. दोन्ही बाजूंना दोन-दोन गोल जागा दिलेल्या असतात, त्या उत्तम. पण स्टँड ठेवायलाही त्याच! रानवारा यांचं कोडं आमच्याकडे खरं कोडं आहे. एक बरं की इंजिन मागे आणि शेल ताठ, त्यामुळे मागच्या जागी जॅक लावला की जवळपास सगळी बाजू उचलली जाते. मग पुढच्या जागी स्टँड सरकवता येतो. मागे मात्र सस्पेन्शन जिथे बोल्टने बसवलंय तिथली मजबूत जागा शोधावी लागते, किंवा ज्याच्या पायातच स्टँडची सोय आहे असं जॅकपॅड घ्यावं लागतं.

---

हिंगणघाटी

वाचतोय. माझ्याकडे स्प्लेंडर आहे, मधला स्टँड लावतो, विषय संपला.

---

ऑईलवाला आप्पा

हिंगणघाटी :)

स्टँडबद्दल कोणी बोलेना म्हणून मीच बोलतो. जॅक उचलण्यासाठी, धरून ठेवण्यासाठी नाही. हायड्रॉलिक जॅकच्या आत एक रबरी सील असतं, ते कधी जाईल ते सांगून जात नाही. नुसत्या जॅकवर गाडी, खाली माणूस, हे माझ्या गॅरेजात चालत नाही. सिमेंटचे पोकळ ठोकळेही नकोत. ते वरून खाली दाबाला चालतात, पण कडेला टोकदार भार आला की एका क्षणात भुगा. करकरत नाहीत, वाकत नाहीत, थेट बसतात.

स्टँड विकत घेताना बूड रुंद बघा. दात्यांचा घ्या नाहीतर पिनचा, पण दात्यांचा असेल तर खटका पूर्ण बसला का ते डोळ्यांनी बघा, आवाजावर जाऊ नका.

---

शिकागोतला सातारकर

आप्पांना +१. जुने पडून असलेले किंवा सेकंडहँड स्टँड असतील तर नंबर तपासा. २०२० साली इथे एका मोठ्या हत्यारांच्या दुकानसाखळीने ३ आणि ६ टनांचे स्टँड परत मागवले होते. भार हलला की दात्यातून खटका सुटू शकत होता. बदली म्हणून दिलेल्या स्टँडांपैकी काहींचं वेल्डिंग सदोष निघालं, ते पुन्हा परत. मी तेव्हापासून आडवी पिन असलेले वापरतो.

डांबरावर काम करावंच लागलं तर स्टँडच्या पायांखाली जाड प्लायवूड टाका. जुलैच्या उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचा एक पाय हळूहळू आत जातो. वरून काही कळत नाही.

---

रानवारा

सगळ्यांचे आभार. शेजाऱ्याने गॅरेज दिलं. (लाडू नाही, शंकरपाळे गेले.)

बंपरचं गणित असं सुटलं : इथे लाकडाच्या वखारीत दोन बाय दहाची फळी मिळते, खरी जाडी दीड इंच, म्हणजे ३८ मिमी. तिचे तुकडे करून पुढच्या दोन चाकांखाली घातले आणि गाडी त्यावर सावकाश चढवली. तेवढ्याने बंपरखालून वाट मोकळी झाली. जॅकही बदलला, बुटका घेतला. जुन्याची बशी खाली केली तरी १३० मिमीवर राहायची, याची ८५वर येते आणि हात लांब आहे, त्यामुळे दांडा मारताना बंपरला लागत नाही. क्रॉसमेंबर प्लास्टिकच्या आच्छादनामागे सापडला. पुढची बाजू वर गेली, स्टँड पिंच वेल्डवर, रबरासकट. फेंडरला हात लावून चांगली हलवून बघितली, ढिम्म.

आता चेपलेल्या पट्ट्यांचं काय? गाडी चालवायला धोका आहे का?

---

तिरका पाना

पत्रा फाटलाय का आणि गंजलाय का ते बघा. नुसत्या चेपल्या असतील तर गाडी रस्त्यावर चालते, फरशीचा ताठपणा थोडा कमी होतो. ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, चेपलेला पत्रा पुन्हा ठोकला की आणखी कमजोर पडतो. या गाडीसाठी जाड पोलादी यू पट्ट्या तयार मिळतात, जुन्यावरून टोपीसारख्या बसवून बोल्ट किंवा वेल्ड करायच्या. वेल्डिंग करणार असाल तर वरचा गालिचा आणि त्याखालचं आवरण आधी काढा, नाहीतर आतून पेट घेईल. जवळून जाणाऱ्या ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्याही बघून घ्या.

नवीन पट्ट्या बसल्या तरी तिथे जॅक लावायची परवानगी मिळाली असं समजू नका, त्याखालची फरशी तीच आहे.

---

कर्वेनगरी

हे वाचून खाली जाऊन माझ्या स्विफ्टच्या उंबऱ्याखाली हात घातला. चारपैकी तीन ठिकाणी कड मुडपलेली! पंक्चरवाल्याकडे टायर बदलताना आपण चहा पीत उभे राहतो, त्याचं फळ.

---

तिरका पाना

कर्वेनगरी, जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय तिथे पावसाळ्याआधी प्रायमर मारून घ्या. कड पकडीने हळू सरळ करता येते, पण एकदाच.

रानवारा, उतरवताना : खालची हत्यारं, ऑईलचा ट्रे, सगळं काढा. चाकांचे नट आधी हाताने, मग पान्याने हलके, आणि चाक जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने (पीळ मोजणाऱ्या पान्याने) शेवटचा पीळ. या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन मीटर, गोटी २१ची. क्रम चांदणीचा, समोरासमोर. जॅकचा झडप-स्क्रू एकदम सोडू नका, पाव फेरा पुरे. उतरल्यावर गाडी थोडी उंच आणि चाकं खालच्या बाजूने आत गेलेली दिसतील, घाबरू नका, सस्पेन्शन लटकून आलंय. चार हात पुढे-मागे ढकलली की बसते. फळ्यांवरून उतरवताना मात्र गाडीबाहेर एक माणूस उभा करा, बुटक्या गाडीत बसून पुढच्या चाकाखालचं काही दिसत नाही.

---

रानवारा

शेजारी उभे राहायला तयार आहेत. शंकरपाळे संपले का विचारत होते.